अवघड जागेचे दुखणे : वृषणवेदनेच्या कारणमीमांसेचा इतिहास

प्रस्तावना

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण मराठी समाजाच्या एका जुन्या अडचणीवर नेमके बोट ठेवते. देहाच्या ज्या भागाचे नाव घरात उच्चारले जात नाही, त्या भागातील वेदनेची कैफियत मांडावी तरी कोणापुढे? पुरुषाच्या वृषणातील वेदना हे अशाच दुखण्यांपैकी एक होय. वैद्यकीय वाङ्मयात तिच्या नोंदी फार प्राचीन काळापासून आढळतात. मात्र एकाच जागी जाणवणाऱ्या या वेदनेमागील कारणे परस्परांहून भिन्न आहेत, आणि त्यांपैकी एका कारणाबाबत काही तासांचा विलंबही अवयव गमावण्यास पुरेसा ठरतो, हे ज्ञान फार उशिरा प्राप्त झाले. ही कारणे एकमेकांपासून कशी वेगळी होत गेली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्राचीन ग्रंथांतील नोंदी

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘वृद्धी’ या रोगाचे सात प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, रक्तज, मेदोज, मूत्रज आणि आंत्रज. यांपैकी मूत्रवृद्धी म्हणजे आज ज्यास आपण हायड्रोसील म्हणतो तो विकार, तर आंत्रवृद्धी म्हणजे अंतर्गळ अथवा हर्निया, असे सामान्यतः मानले जाते. मूत्रवृद्धीत व्रीहिमुख नावाच्या शस्त्राने छेद घेऊन नळीवाटे द्रव काढण्याची कृती चिकित्सास्थानात दिलेली आहे. अंडकोशापर्यंत उतरलेली आंत्रवृद्धी मात्र वैद्याने हाती घेऊ नये, असा स्पष्ट इशारा तेथे आहे. विशेष म्हणजे, मुतखड्याच्या पूर्वलक्षणांत वृषणातील वेदनेचा समावेश करून सुश्रुताने एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली आहे. वेदना वृषणात जाणवत असली तरी तिचे मूळ अन्यत्र असू शकते, ही ती गोष्ट होय. मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्याची कळ कमरेतून जांघेत व अंडकोशात उतरते, हे आजचे वैद्यकही सांगते.

ग्रीक परंपरेत हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ‘एपिडेमिक्स’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात थासोस बेटावरील एका साथीचे वर्णन आहे. रुग्णांच्या कानांजवळ सूज येई आणि पुढे काहींच्या वृषणांना वेदनायुक्त दाह होई. हे गालगुंडाचे वर्णन असल्याचे अभ्यासक मानतात.

अर्थात, प्राचीन वर्गीकरणाचा मुख्य आधार सूज हा होता. हाताला काय लागते यावरून रोग ओळखला जाई. आत काय घडते हे कळण्याचे साधन उपलब्ध नव्हते.

संसर्गाचा शोध

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंतुशास्त्राचा उदय झाला आणि या चित्रात मूलभूत बदल घडून आला. परमा झालेल्या पुरुषाचा अंडकोश सुजतो हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्या रोगाचा जंतू अल्बर्ट नायसर यांनी 1879 मध्ये शोधला. हा दाह बहुधा वृषणामागील अधिवृषणात सुरू होतो. तरुणांमध्ये क्लॅमिडिया हा जंतूही त्यास कारणीभूत असतो, हे 1970 च्या दशकातील संशोधनाने दाखवून दिले. उतारवयात मात्र मूत्रमार्गातील सामान्य जंतू अधिक प्रमाणात आढळतात. गालगुंडाचा विषाणू जॉन्सन व गुडपाश्चर यांनी 1934 मध्ये सिद्ध केला आणि अमेरिकेत 1967 मध्ये त्यावरील लस वापरात आली.

आपल्याकडील संदर्भात हत्तीरोगाचा विचार अपरिहार्य ठरतो. देमार्के यांना 1863 मध्ये पॅरिस येथे हायड्रोसीलच्या द्रवात सूक्ष्म कृमी आढळले. टिमोथी लुईस यांनी 1872 मध्ये कलकत्त्यात ते मानवी रक्तात पाहिले. पॅट्रिक मॅन्सन यांनी 1877 मध्ये चीनमधील अमॉय येथे डासाच्या शरीरात त्यांची वाढ होत असल्याचे दाखविले. अंडकोशाची सूज हे कोणाच्या पापाचे फळ नसून डासाशी निगडित कृमींचा परिणाम आहे, ही बाब यातून स्पष्ट होत गेली. भारतात 1955 मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या विदर्भातील जिल्ह्यांना या रोगाची झळ दीर्घकाळ सोसावी लागली. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत त्याच्या निदानावर संशोधन झाले, त्यास ही पार्श्वभूमी आहे.

पीळ आणि वेळ

सर्वांत उशिरा वेगळे झालेले कारण हेच सर्वांत तातडीचे आहे. वृषण ज्या शुक्ररज्जूला लोंबकळत असते त्या रज्जूला पीळ पडला की रक्तपुरवठा थांबतो. फ्रेंच वैद्य देलासिओव्ह यांनी 1840 मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले. काही मुलांत वृषणाची जखडण जन्मतःच सैल असते आणि ते घंटेतील लोलकाप्रमाणे मोकळे झुलते. अशांना हा धोका अधिक असतो. बहुधा किशोरवयात, कित्येकदा झोपेत, एकाएकी तीव्र कळ येते आणि सोबत मळमळ व उलटी होते. मांडीच्या आतील बाजूस हलकेच स्पर्श केला असता त्या बाजूचे वृषण वर ओढले जाते. ही प्रतिक्षिप्त क्रिया पीळ पडलेल्या बाजूस बहुधा लोप पावते, याकडे राबिनोविट्झ यांनी 1984 मध्ये लक्ष वेधले. पुढे डॉप्लर सोनोग्राफीमुळे रक्तप्रवाह प्रत्यक्ष पाहता येऊ लागला.

तथापि, कोणतेही यंत्र गेलेला वेळ परत आणू शकत नाही. सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास बहुतेक वृषणे वाचतात. चोवीस तासांनंतर फारच थोडी. म्हणूनच पिळाची दाट शंका असल्यास तपासणीसाठी न थांबता शस्त्रक्रिया करावी, असा दंडक आहे. त्याच वेळी दुसऱ्या बाजूचे वृषणही टाके घालून स्थिर केले जाते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, वृषणवेदनेचा इतिहास हा प्रामुख्याने फारकतीचा इतिहास आहे. सुजेपासून द्रव, आतडे आणि खडा वेगळे झाले. त्यानंतर जंतू, विषाणू आणि कृमी. आणि शेवटी पीळ. प्रत्येक फारकतीने उपचाराचा एक स्वतंत्र मार्ग खुला केला. प्रतिजैविकाने दाह शमतो, परंतु पीळ सुटत नाही. आणि पिळाला दाह समजून घालविलेली एक रात्र अवयवाचे मोल घेऊन जाते.

हे ज्ञान रुग्णालयात पोहोचले असले तरी घराच्या उंबरठ्यावर ते आजही अडखळते. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा संकोचापोटी ‘पोटात दुखते’ एवढेच सांगतो. आई ओवा देते आणि वडील सकाळपर्यंत वाट पाहण्यास सांगतात. निदानशास्त्राने शतकानुशतके जे अंतर कापले, ते या एका वाक्यात वाया जाते. अवघड जागेच्या दुखण्याला मुलाने स्पष्ट नाव देणे आणि घरातील मोठ्यांनी ते न लाजता ऐकून घेणे, हेच या चिकित्सेचे पहिले पाऊल होय.