जैव वायू : सूक्ष्मजीवसमुदायाच्या शोधाचा इतिहास

शेण, वाहितमल, पिकांचे अवशेष यांसारखे कार्बनी पदार्थ ऑक्सिजनाच्या अभावी कुजले म्हणजे मुख्यत्वे मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचे ज्वलनशील मिश्रण निर्माण होते. त्यास जैव वायू म्हणतात. शेणापासून मिळणाऱ्या वायूत मिथेनाचे प्रमाण सामान्यतः ५५ ते ६५ टक्के असते. ज्या बंद टाकीत ही क्रिया घडवून आणतात तिला पाचक असे म्हणतात. पाचकातील कार्य कोणताही एक सूक्ष्मजीव पार पाडीत नाही, तर परस्परावलंबी अशा अनेक गटांचा समुदाय ते टप्प्याटप्प्याने पार पाडतो. ही गोष्ट आज निर्विवाद असली, तरी ती उमगण्यास जवळजवळ दोन शतके लागली आणि त्यांतील निर्णायक टप्पा एका दीर्घकाळ टिकलेल्या चुकीच्या दुरुस्तीतून गाठला गेला.

आलेस्सांद्रो व्होल्टा (१७४५–१८२७) या इटालियन शास्त्रज्ञांनी १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून त्यातून येणारे बुडबुडे गोळा केले व तो वायू पेट घेतो असे दाखविले. १८०८ मध्ये हंफ्री डेव्ही (१७७८–१८२९) यांना कुजणाऱ्या शेणापासून निघालेल्या वायूत मिथेन आढळला. ही क्रिया सूक्ष्मजीवांमुळे घडते, असे प्रतिपादन आंत्वान बेशाँ यांनी १८६८ मध्ये केले. शास्त्रीय उपपत्ती अपुरी असतानाच व्यवहारात मात्र वायूचा उपयोग सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्लंडमधील एक्सेटर येथे वाहितमलाच्या टाकीतील वायूवर दिवे लावण्यात आले आणि त्याच सुमारास मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयातही वाहितमलापासून वायू मिळविण्यात आला.

विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात व्ही. एल. ओमेल्यान्स्की (१८६७–१९२८) यांनी सेल्युलोजाच्या मिथेन किण्वनाचा अभ्यास केला. नेदरलँड्समध्ये एन. एल. सोनगेन यांनी १९०६ मध्ये दाखविले की, हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासूनही सूक्ष्मजीव मिथेन तयार करू शकतात. तथापि या कार्यात वापरलेले संवर्ध मिश्र होते. एकेक जाती शुद्ध स्वरूपात अलग करून तिचे कार्य ठरवावयाचे, हा रॉबर्ट कॉख यांच्या परंपरेतील दंडक त्या काळी सर्वमान्य होता. मिथेनजनक सूक्ष्मजीव ऑक्सिजनाच्या अत्यल्प अंशानेही निष्क्रिय होत असल्याने त्यांच्या बाबतीत तो पाळणे फार कठीण होते.

अमेरिकेतील एच. ए. बार्कर (१९०७–२०००) यांनी १९४० मध्ये एथिल अल्कोहॉलावर वाढणारा एक मिथेनजनक जीव अलग केल्याचे प्रसिद्ध केले व त्यास ओमेल्यान्स्की यांचे नाव दिले. हा जीव अल्कोहॉलाचे ॲसिटिक अम्ल करतो व त्याच वेळी कार्बन डाय-ऑक्साइडाचे क्षपण करून मिथेन बनवितो, असे मानले गेले. सी. बी. व्हान नील यांच्या तत्कालीन उपपत्तीशी हे उत्तम जुळत असल्याने पुढे पाव शतक हा संवर्ध आदर्श नमुना म्हणून वापरात राहिला.

दरम्यान रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठरातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत असता आर. ई. हंगेट (१९०६–२००४) यांनी ऑक्सिजन कटाक्षाने वगळून संवर्धन करण्याचे तंत्र विकसित केले. त्यांचे शिष्य एम. पी. ब्रायंट यांनी इलिनॉय विद्यापीठात आर. एस. वुल्फ व वोलिन दांपत्य यांच्यासमवेत बार्कर यांचा संवर्ध पुन्हा तपासला. तो शुद्ध नसून त्यात दोन जीव आहेत, असे त्यांनी १९६७ मध्ये दाखविले. त्यांपैकी एक अल्कोहॉलापासून ॲसिटिक अम्ल व हायड्रोजन बनवितो, पण मिथेन बनवीत नाही. दुसरा हायड्रोजनापासून मिथेन बनवितो, पण अल्कोहॉल वापरू शकत नाही. साठलेल्या हायड्रोजनामुळे पहिल्याची वाढ खुंटते. दुसरा तो वापरून टाकतो तेव्हाच ती जोमाने होते. म्हणजे ज्यास अशुद्धता समजून टाळावयाचे, तेच या क्रियेचे मर्म होते.

या शोधाने पाचकातील कार्याची संगती लागली. प्रथम काही सूक्ष्मजीव सेल्युलोज, प्रथिने व वसा यांचे विघटन करून विद्राव्य पदार्थ बनवितात. दुसरे त्यांपासून वसाम्ले, अल्कोहॉले, हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करतात. प्रोपिऑनिक, ब्युटिरिक इ. अम्लांचे ॲसिटिक अम्लात रूपांतर करणारा तिसरा गट हायड्रोजनाचा आंशिक दाब अत्यल्प असेल तरच कार्य करू शकतो. शेवटी मिथेनजनक जीव ॲसिटिक अम्ल व हायड्रोजन यांपासून मिथेन बनवितात. सर्वसाधारण पाचकात सुमारे दोन तृतीयांश मिथेन ॲसिटिक अम्लापासून येतो.

१९७७ मध्ये कार्ल वोझ (१९२८–२०१२) व जॉर्ज फॉक्स यांनी वुल्फ आदींच्या सहकार्याने मिथेनजनकांच्या रिबोसोमी आरएनएची तुलना केली, तेव्हा ते जीव नेहमीच्या जीवाणूंहून मूलतः भिन्न असल्याचे आढळले. त्यांतूनच आर्किया हा सजीवांचा स्वतंत्र विभाग मान्य झाला.

भारतात १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू मिळविण्याचे प्रयोग केले. पुढे जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र तयार केले व १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने गोबर वायू संयंत्रांचा प्रसार केला. संयंत्र चालविणाऱ्या शेतकऱ्याला येणाऱ्या अनुभवांची कारणे वरील विवेचनात सापडतात. शेणात मिथेनजनक जीव गुरांच्या जठरातूनच आलेले असतात, म्हणून शेणावर चालणाऱ्या संयंत्रास वेगळे विरजण सहसा लागत नाही. अम्लजनक जीव झपाट्याने वाढतात, तर मिथेनजनकांची वाढ मंद असते. त्यामुळे एकदम जास्त माल भरल्यास अम्ल साठून रबडी आंबते व वायू बंद पडतो. अशा वेळी भरणा थांबवून मागे पडलेल्या गटास अवधी देणे हाच मुख्य उपाय होय. थंडीत वायू घटतो तोही या जीवांची क्रिया मंदावल्यामुळे.

अलीकडे डीएनएच्या पृथक्करणाने पाचकातील अशा कित्येक जातींची ओळख पटली आहे की, ज्यांचे संवर्धन अद्याप साधलेले नाही. काही जीवाणू हायड्रोजनाच्या मध्यस्थीशिवाय थेट इलेक्ट्रॉनच मिथेनजनकांना पुरवितात, हेही २०१४ मध्ये प्रयोगाने दाखविण्यात आले. एकेक जीव अलग करून जे कळले नसते, ते त्यांना एकत्र पाहिल्याने कळले, हा या इतिहासाचा निष्कर्ष या शोधांनी दृढच केला आहे.