लघुसंगणकांचे अनुकरणाद्वारे जतन

जुन्या लघुसंगणकातील प्रक्रियक, स्मृती आणि त्याला जोडलेली यंत्रे यांचे वर्तन आधुनिक संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने तंतोतंत घडवून आणणे व मूळ यंत्र नष्ट झाले, तरी त्यावरील कार्यप्रणाली चालू ठेवणे, ही जतनाची एक पद्धती आहे. अशा आज्ञावलीस अनुकारक म्हणतात.

लघुसंगणकांचा भरभराटीचा काळ साधारणतः १९६५ ते १९८५ हा होय. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने (स्थापना १९५७) १९६५ मध्ये सु. १८,००० डॉलर किमतीचा पीडीपी-८ व १९७० मध्ये पीडीपी-११ हा संगणक बाजारात आणला. खोली व्यापणाऱ्या मोठ्या संगणकांच्या मानाने ही यंत्रे लहान व स्वस्त असल्याने प्रयोगशाळा, कारखाने व विद्यापीठे यांत ती लवकर रुळली. भारतात तुर्भे (मुंबई) येथे टीडीसी-१२ हा १२ बिटी संगणक याच सुमारास तयार झाला. पुढे सूक्ष्मप्रक्रियकांमुळे लघुसंगणक मागे पडले. १९९८ मध्ये डिजिटल कंपनी कॉम्पॅकने विकत घेतली. तोपर्यंत यांतील बहुसंख्य यंत्रे भंगारात गेली होती.

उरलेली यंत्रे चालू ठेवणे सोपे नाही. विद्युत् धारित्रे निकामी होतात, जोडण्या गंजतात, चुंबकीय फितींवरील लेप सुटतो आणि सुटे भाग मिळत नाहीत. कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात पीडीपी-१ हे यंत्र पुन्हा चालू करण्यात आले. परंतु असे परिश्रम मोजक्याच यंत्रांच्या वाट्याला येतात.

ही उणीव भरून काढण्यासाठी डिजिटल कंपनीतील अभियंते बॉब सुपनिक यांनी १९९३ मध्ये ‘सिमएच’ या अनुकारकाची रचना सुरू केली. त्याचे मूळ १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘मिमिक’ या आज्ञावलीत आहे. सिमएचमध्ये पुढे डिजिटलच्या पीडीपी व व्हॅक्स यंत्रांबरोबरच डेटा जनरलच्या नोव्हासारख्या इतर कंपन्यांच्या यंत्रांचाही समावेश झाला.

अनुकारकाचे तत्त्व साधे आहे. पीडीपी-८ च्या मूळ स्मृतीत १२ बिटांचे ४,०९६ शब्द मावत. अनुकारकात तेवढ्याच संख्यांची एक सारणी असते. त्यातून एक आज्ञा वाचावयाची, तिचा अर्थ लावावयाचा, तीनुसार संचायकातील संख्या बदलावयाची व पुढील आज्ञेकडे वळावयाचे, हे चक्र अखंड चालते. खरी अडचण येते ती जोडयंत्रांच्या बाबतीत. मूळ तबकडीला माहिती देण्यास काही वेळ लागे व जुन्या आज्ञावल्या तो वेळ गृहीत धरूनच लिहिलेल्या असत. आधुनिक संगणकाने तेच उत्तर तत्क्षणी दिल्यास त्या गोंधळतात. म्हणून अनुकारकात विलंब मुद्दाम घालावा लागतो. वेगवान यंत्राला मंद होण्यास शिकवावे लागते, हा या कामातील एक गमतीदार भाग आहे. अनुकरण अचूक साधले की नाही, हे पाहण्यासाठी मूळ उत्पादकाच्या दोषशोधक आज्ञावल्याच त्यावर चालवितात.

आज्ञावल्या नसतील, तर अनुकारक रिकामे घर ठरतो. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्पसन यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ वर युनिक्स प्रणालीचा आरंभ केला. या यंत्राचे सु. १२० नगच तयार झाले होते. त्या पहिल्या प्रणालीची यंत्रवाचनीय प्रत उरली नाही. कागदावर छापलेल्या आज्ञांच्या याद्या तेवढ्या राहिल्या. २०१६ मध्ये त्यांच्या प्रतिमा उपलब्ध झाल्यावर ऑस्ट्रेलियातील वॉरन टूमी व इतर अभ्यासकांनी त्या अक्षरशः पुन्हा टंकलिखित केल्या, काही गहाळ भाग नव्याने लिहिले आणि ती प्रणाली अनुकारकावर चालविली. २०१९ मध्ये सिअ‍ॅटल येथील लिव्हिंग कॉम्प्युटर्स या संग्रहालयातील खऱ्या पीडीपी-७ वरही ती चालली. हे संग्रहालय २०२० मध्ये बंद झाले. २०२४ मध्ये ते पुन्हा उघडणार नसल्याचे जाहीर होऊन त्यातील काही वस्तूंचा लिलाव झाला. अनुकारकावरील युनिक्सला मात्र यामुळे काहीच बाधा आली नाही.

कायद्याचा अडथळाही लहान नाही. पीडीपी-११ वरील युनिक्सच्या जुन्या आवृत्त्यांना कॅल्डेरा कंपनीने २००२ मध्ये मुक्त परवाना दिल्यामुळे त्यांचा अभ्यास उघडपणे होऊ लागला. इतर अनेक प्रणालींच्या बाबतीत मालकी कंपनीकडून कंपनीकडे जात राहिली व परवानगी कोणाकडे मागावी, हेच ठरविणे कठीण झाले.

अनुकरणाने सर्वच गोष्टी टिकत नाहीत. पुढील फलकावरील स्विचे एकेक दाबून आज्ञा भरणे, सेकंदाला दहा अक्षरे छापणाऱ्या दूरमुद्रकाचा खडखडाट, यंत्राची ऊब या गोष्टी पडद्यावर येत नाहीत. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी पीआयडीपी-८ व पीआयडीपी-११ या छोट्या प्रतिकृती तयार करण्यात आल्या आहेत. त्यांच्या फलकावर मूळच्यासारखे दिवे व स्विचे असतात. आतमध्ये तळहाताएवढ्या संगणकावर सिमएच चालत असते.