शहरात ‘आरामात’ जगायला पगार किती लागतो? शंभर वर्षांपूर्वीचा एक हिशोब

घाटंजीहून पुण्या-मुंबईला निघालेल्या प्रत्येकाला घरचे एकच विचारतात, “पगार किती? तेवढ्यात भागेल का?” हा प्रश्न सरकारनेही एकदा दारोदार जाऊन विचारला होता. आजचा भाग त्याबद्दल.

वऱ्हाडचा कापूस मुंबईला जायचा, त्या गिरण्यांच्या काळातली ही गोष्ट. 1921 मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस सुरू केलं. त्याचे प्रमुख होते फिंडले शिरास. त्यांच्या माणसांनी 1921-22 मध्ये सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचा महिन्याचा खर्च लिहून घेतला आणि 1923 मध्ये अहवाल छापला.

आकडे ऐका. घरातल्या सगळ्यांची मिळून सरासरी कमाई महिन्याला 52 रुपये. शंभरातले जवळपास 57 रुपये खाण्यावर जायचे, भाड्यावर आठसुद्धा नाही. म्हणजे घरं स्वस्त होती? छे! 97 टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. भाडं कमी दिसतं, कारण जागाच नव्हती. निम्म्याच्या आसपास कुटुंबं कर्जात होती. आणि अहवालातच नोंद आहे, की तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढं अन्न ठरवलेलं होतं, त्याहून कमी या कामगाराच्या वाट्याला येत होतं.

म्हणजे लोक किती खर्च करतात, यावरून किती लागतं हे कळत नाही. त्यावरून फक्त ते कशात भागवतात, एवढंच कळतं.

हिशोब उलटा झाला 1957 मध्ये. भारतीय श्रम परिषदेच्या 15 व्या अधिवेशनाने गरजेपासून सुरुवात केली. कमावणारा एक, खाणारी तोंडं तीन प्रौढांइतकी. बायको-मुलांची कमाई धरायची नाही. अन्न डॉ. आयक्रॉइड यांच्या मापाने, माणशी रोज 2700 कॅलरी. चौघांना वर्षाला 72 वार कापड. वर घरभाडं. दिवाबत्ती, सरपण आणि किरकोळ खर्चाला 20 टक्के. शाळा, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण? त्यासाठी 1991 उजाडावं लागलं. सुप्रीम कोर्टाने त्यांच्यासाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितले.

लक्षात घ्या, हे सगळं फक्त किमान वेतनाचं माप आहे. ‘आरामात’ हा शब्द अजून आलेलाच नाही!

म्हणून नवीन पॅकेजचा हिशोब करताना “तिकडे पोरं एवढ्यात भागवतात” हे माप धरू नका. एका खोलीत पाच जण राहून भागतंच. आधी गरजा लिहा: दोन वेळचं नीट जेवण, झोपायला जागा, दवाखाना, येण्याजाण्याचं भाडं, थोडी शिल्लक. आणि यादीत एक ओळ गावाकडची हवीच. कापसाचा भाव पडला, की घरून फोन येतो. तेव्हा पाठवायचे पैसे या दोन्ही सूत्रांत वेगळे धरलेले नाहीत. ते तुम्हालाच धरावे लागतील.

एकूण बेरीज आधी करा. पगाराचा आकडा त्यानंतर बोला.

भेटू पुढच्या भागात.