विश्रांतीने वाढणारी कंबरदुखी

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंबर दुखते या तक्रारीचे कुणाला नवल वाटत नाही. कुणी गोण्या उचलतो, कुणी आठ तास यंत्रापुढे उभा असतो, तर कुणी पालघरहून गर्दीच्या गाडीने रोज मुंबई गाठतो. त्यामुळे पंचविशीतला तरुण ‘कंबर धरली आहे’ म्हणाला, की ओझे किंवा प्रवास हे कारण आधीच तयार असते. बहुतेकदा ते खरेही असते. मात्र काही तरुणांच्या बाबतीत हेच सोयीचे उत्तर निदानाला कित्येक वर्षे उशीर घडवते. त्यांच्या दुखण्याचे मूळ श्रमात नसून ‘अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस’ या संधिवातात असते.

प्रथम नावाचा गोंधळ दूर करायला हवा. वयोमानाने मणक्यांची जी झीज होते, तिला आपल्याकडे सर्रास ‘स्पाँडिलायटिस’ म्हटले जाते. वस्तुतः ती स्पाँडिलोसिस. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसमध्ये झीज नव्हे, दाह असतो. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. पाठीचा कणा तळाशी कंबरेच्या हाडांना जेथे मिळतो, त्या सॅक्रोइलिॲक सांध्यांपासून आजाराची सुरुवात बहुधा होते. दाहानंतर तेथे नवे हाड तयार होऊ लागते आणि काही रुग्णांत मणके एकमेकांना जोडले जाऊन कणा बांबूसारखा ताठ होतो. आजार सुरू होतो तो प्रायः पंधरा ते चाळीस या वयात, म्हणजे ऐन कमावत्या वयात. पुरुषांत तो अधिक आढळतो; परंतु स्त्रियांनाही होतो व त्यांच्यात निदान आणखी लांबते.

ओळखायचे कसे? श्रमाने आलेली कंबरदुखी पडून राहिल्यावर उतरते. या आजारात नेमके उलटे घडते. वेदना हळूहळू सुरू होऊन तीन महिन्यांहून अधिक टिकते. पहाटेच्या सुमारास दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ कंबर आखडलेली असते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते. कधी एका, तर कधी दुसऱ्या नितंबात ठणका लागतो. कामावर बरे वाटते आणि सुट्टीच्या दिवशी लोळून काढल्यावर दुखते, असे कुणी सांगितले तर ते थट्टेवारी नेऊ नये. रात्रपाळीच्या कामगाराला ‘सकाळी कंबर आखडते का’ असे विचारून उपयोग नाही. ‘झोपेतून उठल्यावर आखडते का’ असे विचारले पाहिजे.

एक डोळा अचानक लाल होऊन दुखणे, उजेड सहन न होणे, हेही या आजाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे व कंबरेच्या दुखण्याविषयी आवर्जून सांगावे.

महाराष्ट्रात सांधेदुखीची घरोघर पाहणी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने झाली. सांधे-स्नायू दुखणारे पुष्कळ, पण हा आजार असणारे त्यांत अगदी थोडे, असेच चित्र तेथे दिसले. गर्दीतला हा थोडासा भाग नजरेतून निसटतो, यात आश्चर्य नाही.

तपासण्यांवर आंधळा विश्वास ठेवणेही योग्य नव्हे. ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्या अनेकदा निर्दोष येतात. क्ष-किरण चित्रात बदल दिसायला काही वर्षे जातात. एमआरआयमध्ये ते बरेच आधी दिसतात. एचएलए-बी२७ या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध १९७३ मध्ये उघड झाला. तथापि हे जनुक असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना आजार कधीच होत नाही. ताप, वजन घटणे किंवा एकाच मणक्यावर दाबल्यास दुखणे असेल, तर आपल्याकडे कण्याच्या क्षयाचा विचार आधी करावा लागतो.

आजार समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतो. उपचारांचा पाया म्हणजे रोजचा व्यायाम : कणा ताणणे, दीर्घ श्वसन, शक्य असल्यास पोहणे. धूम्रपान सोडणे अत्यावश्यक आहे. दाहशामक गोळ्या गुणकारी असल्या तरी पोट व मूत्रपिंडावर लक्ष ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेण्याला या आजारात स्थान नाही. औषधाच्या दुकानातून नाव न कळता घेतलेल्या ‘दुखण्याच्या पुडी’त त्या असू शकतात. एवढ्याने भागले नाही, तर जैविक औषधांची इंजेक्शने देतात. ती सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करावीच लागते. त्यांतील अ‍ॅडॅलिम्युमॅबची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये आल्यावर किंमत उतरली, तरी कंत्राटी कामगाराच्या पगाराला ती आजही जडच आहे.

संधिवाततज्ज्ञांसाठी या पट्ट्यातील अनेकांना मुंबईच गाठावी लागते. कामगार विमा योजनेत नाव असलेल्यांनी तज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी मागून घ्यावी. जाताना जुनी क्ष-किरण चित्रे, घेतलेल्या गोळ्यांची नावे आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला असा त्रास, सोरायसिस अथवा आतड्यांचा जुना दाह आहे का, याची माहिती सोबत न्यावी. गाडीत दीड-दोन तास एकाच जागी बसण्यापेक्षा मध्ये उठून थोडे उभे राहिलेले बरे, अर्थात गर्दीत उठायला वाव मिळाला तर!