विंध्याच्या काठचे शांत रस्ते

माळव्यातील मराठी घराण्यांनी वंशावळी जपल्या, सनदा जपल्या, देवघरातील टाक जपले. मूळ पुरुष कोणत्या सरदाराच्या पथकातून आला आणि त्याला कोणते गाव इनाम मिळाले, हे अजूनही घरोघर सांगितले जाते. तो कोणत्या वाटेने आला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मल्हारगंजाच्या नावातच मल्हाररावांची आठवण आहे. पण मल्हाररावांचे घोडे ज्या घाटांनी पठारावर चढले, ते घाट आपल्यापैकी कितीजणांनी सावकाश पाहिले असतील? मोटारीतून ते दिसत नाहीत, डुलकी लागून जागे होईपर्यंत संपतात. ते पाहावयाचे तर पायी जावे, नाहीतर सायकलीवर. या लेखात आम्ही त्या वाटांचा इतिहास सांगणार आहोत आणि त्या आज कशा फिरता येतील हेही.

प्रथम जमिनीचा स्वभाव ध्यानात घ्यावा. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे आणि त्याचा उतार उत्तरेकडे आहे. म्हणून जानापावच्या डोंगरावर उगम पावणारी चंबळ, नर्मदा इतकी जवळ असूनही, तिच्याकडे पाठ फिरवून उत्तरेला जाते. दक्षिणेच्या बाजूस मात्र विंध्याचा कडा एकदम तुटतो आणि खाली निमाड पसरलेले दिसते. महेश्वरचा नदीकाठ समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांच्या आसपास. इंदुराहून निघालेल्या माणसाला आपण डोंगराकडे जात आहोत याची कल्पनाही येत नाही. शेते, वड, पळसाची रांग, एखादा ओढा, एवढेच दिसत राहते, आणि अचानक पायाखालची जमीन संपते. दक्षिणेकडून येणाऱ्याला हाच कडा भिंतीसारखा समोर उभा असतो. आपले पूर्वज दक्षिणेकडून आले.

१७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांच्या फौजेने नर्मदा ओलांडली आणि घाट चढून ती पठारावर आली. २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याजवळ माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर लढाईत पडला. माळव्यातील मराठी वस्तीचा पाया या मोहिमेने घातला, असे म्हणण्यास हरकत नाही. त्यानंतर शिलेदार आले, कारकून आले, भिक्षुक आले, सावकार आले. ही सर्व माणसे बैलगाड्या, घोडी आणि बायकापोरे घेऊन याच कड्यातील खिंडी चढली. मराठी माळव्याचा इतिहास घाटांतून वर आला आहे.

या घाटांपैकी महूच्या दक्षिणेचा जाम घाट आपल्याला विशेष जवळचा. अहिल्याबाईंनी आपली राजधानी महेश्वरी वसवली. फौजफाटा, बाजारपेठ आणि मोठा मुलूख पठारावर, तर दरबार खाली नर्मदेकाठी, अशी राज्याची मांडणी झाली. या दोन भागांना बांधणारा दोर म्हणजे हा घाट. त्याच्या माथ्यावर १७९१ साली बाईंनी दगडी दरवाजा उभारला. तोच जाम दरवाजा. तो कोण्या किल्ल्याचा नव्हे. त्याला तट नाही, बुरूज नाही. खिंडीच्या तोंडाशी तो एकटाच उभा आहे. दरवाजा असतो तो गडाला किंवा गावाला, ही आपली समजूत. इथे तो रस्त्याला आहे! रस्ता हीदेखील राज्याची एक वास्तू आहे आणि तिचीही निगा राखावी लागते, हे ज्या राज्यकर्तीने ओळखले होते तिचीच ही खूण होय.

पुढे रस्त्यांचे दैव फिरले. १३ ऑगस्ट १७९५ रोजी बाई निवर्तल्या आणि महेश्वरचे तेज हळूहळू ओसरले. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरची लढाई झाली, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, आणि त्यानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी ठरली. दरबारच पठारावर आल्यावर जाम घाटाने रोज चढउतार करण्याचे कारण उरले नाही. आग्रा-मुंबई सडक झाली ती महू, मानपूर, गुजरी, खलघाट अशी पश्चिमेच्या अंगाने. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली सातपुडा ओलांडून महूच्या परिसरात आले आणि बंडाच्या वावटळीत सापडले, हे त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे सर्वांना ठाऊक आहे. १८७० साली तुकोजीराव दुसरे यांनी रेल्वेसाठी एक कोट रुपयांचे कर्ज दिले आणि ते दशक संपण्यापूर्वी खांडव्याहून गाडी इंदुरास येऊ लागली. कालाकुंड ते पाताळपाणी हा चढ तिने चाळीस फुटांस एक फूट अशा चढणीने जिंकला. दरबार, सडक आणि रूळ या तिघांनीही जामकडे पाठ फिरवली. जाम घाट शांत झाला तो असा.

आमच्या मते शांत रस्त्याचे रहस्य हेच आहे. शांत रस्ता कोणी शांत म्हणून बांधीत नाही. तो एके काळी गजबजलेला असतो. मग वाहतूक दुसरी वाट धरते आणि वळणे, झाडे, विहिरी मागे राहतात. फ्रान्सच्या दक्षिणेस तार्न प्रांतात कोर्द नावाचे डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. तुलूझचा सरदार सातवा रेमों याने १२२२ साली ते वसवले. एके काळी व्यापाराने ते गबर झाले होते; पुढे व्यापार दुसऱ्या वाटांनी वळला आणि तटबंदी, वेशी, उभ्या गल्ल्या जशाच्या तशा राहिल्या. आज त्याच्या भोवतालच्या टेकड्यांतून जाणारे अरुंद रस्ते सायकलस्वारांच्या आवडीचे आहेत. आपल्याकडे त्या गावाच्या जोडीला बसवावे असे एकच स्थळ, ते म्हणजे मांडव. होशंगशहाने पंधराव्या शतकाच्या आरंभी राजधानी केलेले हे डोंगरावरचे नगर पुढे धारच्या पवारांकडे आले. तेही ओसरले, आणि तिथे जाणारी वाटही निवांत झाली.

मात्र कोर्दचे रस्ते शांत असूनही गुळगुळीत आहेत, आणि इथे एक भेद दिसतो. २१ मे १८३६ च्या कायद्याने फ्रान्समधील प्रत्येक गावावर आपल्या हद्दीतील ग्रामरस्ते राखण्याची जबाबदारी टाकली. त्यासाठी गावकऱ्यांकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रम घेता येत. ज्याला ते नको त्याने रोख भरावे. वाहतूक कमी झाली म्हणून रस्ता टाकून देण्याची मुभा तेथे राहिली नाही. शांत रस्ता आणि मेलेला रस्ता यांत अंतर असते ते एवढेच: पहिल्यावर कोणीतरी दरवर्षी खडी टाकीत असते.

आता वाटांविषयी. पहिली अर्थातच जामची. इंदूर ते महू हा पट्टा गजबजलेला आहे, तेव्हा सायकल महूपर्यंत वाहनात घालून न्यावी आणि पहाटे तेथून निघावे. बडगोंद्यावरून रस्ता शेतांतून हलके हलके चढत जातो आणि दरवाज्यापाशी येऊन थबकतो. तिथे थांबून खाली पाहावे. हवा निवळ असेल तर निमाडचा मोठा विस्तार दृष्टीस पडतो. पुढची वळणे तीव्र आहेत. उतरण्यापूर्वी ब्रेक तपासून घ्यावेत. तळाला मंडलेश्वर, आणि तेथून नदीच्या अंगाने महेश्वर जवळच. मल्हारगंजापासून सगळे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर भरते. पावसाळ्यातील रविवारी दरवाज्यापाशी जत्रा असते, ते दिवस टाळावेत; दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम.

दुसरी वाट मांडवची. मल्हारगंजातून बडा गणपतीवरून बेटमामार्गे धारला जाणारा रस्ता रहदारीचा आहे. खरी वाट धारपासून सुरू होते. धार ते मांडव सुमारे पस्तीस किलोमीटर, मध्ये नालछा. पठारावरून जाताना चढ फारसा जाणवत नाही. काकडा खोह ही दरी आली की मांडव पठारापासून तुटलेले आहे हे कळते, आणि मग एकामागून एक वेशी लागतात. शेवटी रूपमतीच्या छत्रीपाशी जावे. आपण जिथून चढून आलो ती नर्मदेची बाजू तिथून दिसते.

तिसरी सिमरोल, चोरल आणि बडवाहची. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून सनावदमार्गे रावेरखेडीला जाता येते. तेथे २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांनी देह ठेवला आणि तेथेच त्यांची समाधी आहे. हा घाट मालमोटारींनी व्यापलेला असल्यामुळे सायकलीसाठी आम्ही त्याची शिफारस करीत नव्हतो. मात्र अलीकडच्या वर्षांत या मार्गावर चौपदरी रस्त्याचे आणि बोगद्यांचे काम हाती घेतले गेले. जड वाहतूक बोगद्यांतून जाऊ लागली की घाटातील जुनी वळणे मोकळी होतील. जामचे जे १८१८ नंतर झाले, ते चोरलचे आपल्या डोळ्यांदेखत होऊ शकते.

चढाचे भय वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. फ्रान्समधील सेंट एतियेन गावचा पॉल द व्हिव्ही हा ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत असे. डोंगरात सायकल चालवायची तर गिअर बदलता आले पाहिजेत, असा आग्रह त्याने जन्मभर धरला. फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीने साखळी बदलणारी कळ १९३७ पर्यंत स्पर्धकांना वापरू दिली नाही. ती दुर्बळांची सोय समजली जाई. आपल्या पिढीने घाटात उतरून जी सायकल ढकलली, ती एकाच गिअरची होती. आज गिअरची सायकल साठीच्या माणसालाही जामचा चढ सावकाश चढू देते. ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी नातवंडांना पाठवावे आणि आल्यावर त्यांच्याकडून ऐकावे.

चोरलचा जुना घाट मोकळा होईल तेव्हा त्याची खडी, त्याच्या मोऱ्या, त्याचे कठडे कोण सांभाळणार, हा प्रश्न आज विचारण्याजोगा आहे. आपल्याकडे वाहतूक गेली की निगाही जाते. मग दोन पावसाळ्यांत शांत रस्त्याचा मेलेला रस्ता होतो. ज्या रस्त्यावर माणसे दिसतात त्याची मागणी करता येते. ज्यावर कोणी दिसत नाही त्याची मागणी कोणी ऐकत नाही. म्हणून या वाटांवर नित्य जाणे हा नुसता व्यायाम नव्हे. आपल्या मंडळींनी वर्षातून निदान एकदा हे घाट चढावेत, वाटेतल्या विहिरी, धर्मशाळा, शिलालेख टिपून ठेवावेत आणि दुरुस्तीचे अर्ज सहीनिशी द्यावेत. वंशावळीच्या कागदाला वाळवी लागू नये म्हणून आपण तो वर्षातून एकदा उन्हात घालतो. ज्या वाटेने वंश आला तिच्यासाठी वर्षातील एक सकाळ काढणे काही जड नाही.