अभिप्रायांची प्रतवारी: मूल्यनिर्णयाकडून मतगणनेकडे

मूल्यनिर्णय आणि त्यामागील कारण यांची फारकत समीक्षेला मान्य नसते. एखादी कृती श्रेष्ठ आहे असे म्हणणाऱ्यावर ती कोणत्या निकषाने श्रेष्ठ ठरते, हे सांगण्याची जबाबदारी येते. महाजालावरील चर्चापीठांनी वाचकांच्या अभिप्रायांची जी प्रतवारी केली, तिच्या इतिहासात ही जबाबदारी क्रमाक्रमाने लोप पावलेली दिसते.

रॉब माल्डा यांनी १९९७ साली सुरू केलेल्या ‘स्लॅशडॉट’ या अमेरिकी संकेतस्थळावर प्रतवारीचे काम आरंभी मोजक्या निवडक व्यक्तींकडे होते. अभिप्रायांची संख्या आवाक्याबाहेर गेल्यावर ते सामान्य वाचकांकडे आळीपाळीने सोपवण्यात आले. प्रत्येकाला पाच गुण आणि तीन दिवसांची मुदत मिळे. ज्या चर्चेत स्वतः भाग घेतला तेथे गुण देण्यास मज्जाव असे. अभिप्रायाची पातळी उणे एक ते पाच यांच्या दरम्यान राही. गुण देणाऱ्याला ‘मर्मग्राही’, ‘माहितीपूर्ण’, ‘विनोदी’, ‘अवांतर’ अशा अर्थाच्या विशेषणांतून एक निवडावे लागे. १९९९पासून या निर्णयांचीही अन्य वाचकांकडून तपासणी होऊ लागली. कमी गुणांचे लेखन पुसले जात नसे. किती गुणांखालचे वाचायचे नाही, हे वाचकच ठरवी. विशेषण हा युक्तिवाद नव्हे, हे खरे. तथापि निकषाचा निर्देश त्यात होता.

२००५ साली सुरू झालेल्या ‘रेडिट’वर विशेषणाची जागा वर आणि खाली दाखवणाऱ्या दोन बाणांनी घेतली. आवडले म्हणून, पटले म्हणून की उपयुक्त वाटले म्हणून, हा भेद उरला नाही. शिवाय आधी आलेल्या अभिप्रायाला मते मिळवण्यास अधिक अवधी मिळे. हा दोष घालवण्यासाठी २००९मध्ये एडविन विल्सन या गणितज्ञाच्या १९२७ सालच्या सूत्राचा आधार घेण्यात आला. त्यानुसार शंभरांपैकी नव्वद अनुकूल मते मिळवणारा अभिप्राय एकुलते एक अनुकूल मत मिळवणाऱ्याच्या वर राहतो. कारण एका मताच्या पुराव्यावर फारसे विसंबता येत नाही.

मात्र प्रत्येक मत स्वतंत्र असते, हे या सूत्राचे गृहीतक आहे. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने त्यालाच धक्का दिला. एका संकेतस्थळावरील लाखाहून अधिक अभिप्रायांपैकी काहींना संशोधकांनी यदृच्छेने एक अनुकूल मत आधीच देऊन ठेवले. अशा अभिप्रायांचे अंतिम गुण सरासरीने पंचवीस टक्के अधिक भरले. कृत्रिम प्रतिकूल मताचा परिणाम मात्र इतर वाचकांनी बराचसा भरून काढला. म्हणजे वाचक संहितेबरोबर तिच्यावरील आकडाही वाचत होता.

हजारो अभिप्रायांना काही क्रम लावणे अपरिहार्य आहे, आणि मतगणना हे त्याचे सोयीचे साधन आहे. परंतु तिच्यातून निघणाऱ्या क्रमाला मूल्यनिर्णय म्हणता येणार नाही. मूल्यनिर्णयाचा प्रतिवाद करता येतो, कारण त्याने आपला निकष उघड केलेला असतो. बेरजेपुढे असहमत वाचकाला आणखी एक मत देण्यापलीकडे काही करता येत नाही.