जिन्याखालची खोली

आमच्या वाड्यात जिन्याखाली एक लहानशी खोली होती. तीत वडिलांचे चुलतभाऊ राहत. आम्ही मुले त्यांना आबा म्हणत असू. माझ्या लहानपणी त्यांना क्षय झाला होता. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी तो बरा झाला खरा, पण जाताना निम्मी छाती घेऊन गेला. चार पायऱ्या चढल्या की आबांना धाप लागे. आधी देवळात जाणे सुटले, मग ओसरीवर येणे. आजी म्हणे, "जिवावरचं टळलं ना? मग हा सुतकी चेहरा कशाला?" आम्हाला तो त्यांचा स्वभावच वाटे.

आबा घेत त्या गोळ्यांत आयसोनियाझिड नावाची एक असे. तिला एक बहीण होती, इप्रोनियाझिड. या दोघी बहिणींची हकीकत पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आली, आणि आबांच्या त्या चेहऱ्याचा विचार मी तेव्हा प्रथम केला.

न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन बेटावर सी व्ह्यू नावाचे क्षयरोग्यांचे मोठे रुग्णालय १९१३ साली उघडले. गावापासून दूर, झाडीत. तिथल्या गोऱ्या परिचारिका संसर्गाच्या भीतीने नोकऱ्या सोडून जाऊ लागल्या, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिण भागातून कृष्णवर्णीय तरुणी आणून त्यांच्या हाती हे वॉर्ड सोपवण्यात आले. (त्यांच्यावर एक स्वतंत्र लेखच व्हायला हवा.) रोगी तिथे महिनोन् महिने, वर्षानुवर्षे पडून असत. १९५१ साली डॉ. रॉबिट्झेक आणि डॉ. सेलिकॉफ यांनी या दोन नव्या औषधांचा प्रयोग तिथे सुरू केला. निवडले ते बहुतेक हाताबाहेर गेलेले रोगी.

ताप उतरला, भूक लागली, वजने वाढली. आणि आणखी एक गोष्ट घडली. हे लोक हसू लागले, बोलू लागले, खाटांवरून उठून हिंडू लागले. १९५२ साली 'लाइफ' साप्ताहिकात त्या वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांचे छायाचित्र छापून आले. आता मरणाच्या दारातून परतलेला माणूस नाचणार नाही तर काय करील, असे कोणीही म्हणेल. तसे ते म्हटलेही गेले. पण उल्हास सर्वांत अधिक दिसला तो इप्रोनियाझिड घेणाऱ्यांत. डॉक्टरांनी ही 'उत्तेजना' औषधाच्या दुष्परिणामांच्या यादीत टाकली. क्षयाच्या उपचारात पुढे राहिली ती शांत वृत्तीची आयसोनियाझिड. हसवणारी बहीण मागे पडली!

हे असे का व्हावे? रोग्याच्या मनाचा हिशेब कोणी मांडलाच नव्हता. आपल्या चरकसंहितेने शोक, चिंता, भय यांना राजयक्ष्म्याच्या कारणांत बसवले. युरोपातल्या जुन्या वैद्यांचा समज तर उलटाच, की क्षयी माणूस शेवटपर्यंत आशावादी असतो. खाटेवर पडलेल्या माणसाला विचारले मात्र कोणी नाही.

पुढे १९५७ साली न्यूयॉर्क राज्यातल्याच एका मनोरुग्णालयातील डॉ. नेथन क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच औषध खिन्नतेच्या रुग्णांना देऊन त्याचे गुण जाहीर केले. वर्षभरात ते सुमारे ४ लाख लोकांनी घेतले म्हणतात. यकृताला अपाय होतो असे दिसल्यावर १९६१ साली अमेरिकेत त्याची विक्री थांबली. पण खिन्नतेवर औषध असू शकते ही गोष्ट सिद्ध झाली होती, आणि ती सिद्ध झाली फुप्फुसाच्या रोग्यांच्या वॉर्डातून.

आज डॉक्टर सांगतात की, धाप आणि भीती एकमेकींना वाढवतात. दम लागला की माणूस घाबरतो, घाबरला की श्वास आणखी जलद होतो. मग तो हालचालच टाळतो. न हलल्याने अंगातली ताकद जाते, आणि पूर्वी चार पायऱ्यांना लागणारा दम दोन पायऱ्यांना लागतो. माणसांत जाणे सुटते आणि मन बसते. जुनाट दमेकऱ्यांत, सिगारेटने वा चुलीच्या धुराने फुप्फुसे झिजलेल्यांत चिंता आणि खिन्नता पुष्कळ आढळते. त्यांना हळूहळू चालण्याचा व्यायाम देतात, श्वास सोडण्याची रीत शिकवतात, गरज पडल्यास मनावरचे औषधही देतात. आबांना यातले काहीच मिळाले नाही. आम्ही त्यांना "स्वस्थ पडून राहा" एवढेच सांगत होतो.

मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या एका प्रयोगाने १९५९ मध्ये दाखवून दिले होते की, क्षयाचा रोगी घरी राहून औषधे घेऊनही आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांना अधिक धोकाही होत नाही. त्या निष्कर्षाचा फायदा आबांनाही मिळाला. त्यांना मिरजेला की कुठे धाडावे लागले नाही. ते घरीच राहिले, जिन्याखाली.

त्यांची कपबशी वेगळी होती. रोग गेल्यावरही ती वेगळीच राहिली. दिवाळीच्या सकाळी फराळाची ताटली त्यांच्या खोलीशी नेण्याचे काम माझ्याकडे असे. आतून "ये की रे, बस जरा" असा आवाज येई. मी ताटली उंबऱ्यावर ठेवी आणि फटाक्यांकडे पळे.